लॉजिस्टिक्सचा विभाग आणि कंपनी: करार झाल्यावर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पनवेल परिसरातल्या एका महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी लॉजिस्टिक्सचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. विभागप्रमुखांनी चार कंपन्यांशी सामंजस्य करार केले. त्यातून वर्षाला एक गोदामभेट आणि दोन पाहुण्यांची व्याख्यानं, एवढंच हाती लागलं. शिक्षण आणि संशोधन दोन्ही होईल अशी भागीदारी कशी उभी करायची, असं ते विचारतात.

मी चोवीस वर्षं गोदामं आणि वाहतूक सांभाळली, आधी भिवंडीत, मग चाकणला. गेली सहा वर्षं आठवड्यातून दोन दिवस शिकवते. कंपनीत होते तेव्हा महाविद्यालयांची पत्रं माझ्या टेबलावर यायची. आता तीच पत्रं घेऊन मी कंपन्यांच्या दारात जाते. त्यामुळे जे सांगते आहे ते दोन्हीकडचं पाहून सांगते आहे.

तुम्ही कंपनीकडे करार मागायला गेलात. पुढच्या वेळी प्रश्न मागायला जा. एकच प्रश्न, मोजता येणारा, आणि ज्याचं उत्तर नसल्यामुळे त्या कंपनीतल्या कुणा एका माणसाची रोज अडचण होते असा. असा प्रश्न हाती आला की करार आपोआप जिवंत राहतो, कारण उत्तराची वाट पाहणारं कुणीतरी तिथं असतं.

माझ्यापुरता हा धडा २०१९ सालचा. दिवाळीआधीचे दिवस होते, आमच्या गेटबाहेर गाड्यांची रांग हायवेपर्यंत जायची आणि ट्रान्सपोर्टर रोज हॉल्टिंगची, म्हणजे गाडी थांबून राहिल्याची, बिलं पाठवायचे. माझी खात्री होती की डॉक, म्हणजे गाडी लावून माल चढवायच्या-उतरवायच्या जागा, कमी पडताहेत. आणखी दोन डॉक बांधायचा प्रस्तावही मी वर पाठवला होता. त्याच सुमारास एका महाविद्यालयाची तीन मुलं प्रोजेक्ट मागत आली. मी त्यांना एवढंच म्हटलं, गाडी आत किती वेळ असते ते सांगा. ती मुलं नऊ दिवस वही घेऊन गेटवर आणि डॉकवर उभी राहिली. प्रत्येक गाडीच्या पाच वेळा लिहिल्या: गेटवर आली, आत घेतली, डॉकला लागली, खाली झाली, बाहेर पडली. दहाव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक पान ठेवलं. प्रत्यक्ष माल उतरवायला तासाभराच्या आतच वेळ लागत होता. गाडी रिकामी झाल्यावर मात्र जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) निघून सही-शिक्क्याची बिल्टी ड्रायव्हरच्या हाती पडेपर्यंत त्याहून जास्त वेळ जात होता. नोंद करणारा माणूस एकच होता, आणि दुपारी बारानंतर त्याच्यासमोर कागदांचा ढीग साचायचा. रिकाम्या गाड्या यार्ड अडवून उभ्या, म्हणून भरलेल्या गाड्या बाहेर. दुपारच्या पाळीला दुसरा माणूस बसवला आणि रांग हायवेवरून उठली. डॉकचा प्रस्ताव मी परत घेतला.

यात अवघड गणित नव्हतं, पण जे होतं ते वर्गात शिकवण्यासारखं आहे. जॉन लिटल या संशोधकांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम आहे: एखाद्या जागेत सरासरी किती जण आहेत, हे दर तासाला किती येतात गुणिले प्रत्येक जण किती वेळ थांबतो याच्याइतकं असतं. तासाला ४ गाड्या येत असतील आणि आवारात कधीही पाहिलं तरी सरासरी १४ गाड्या दिसत असतील, तर प्रत्येक गाडी सरासरी साडेतीन तास अडकते. दोन आकडे मोजले की तिसरा हाती येतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे फळ्यावर शिकवलं तर परीक्षेपुरतं लक्षात राहतं. उन्हात गेटवर उभं राहून मोजलेलं ती विसरत नाहीत.

उलटा अनुभवही सांगते. त्याआधी काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आमच्या वितरणाच्या मार्गांवर वर्षभर काम केलं. मार्चअखेर, आमच्या सगळ्यात धावपळीच्या आठवड्यात, जाडजूड अहवाल आला. कागदावर किलोमीटर चांगले वाचत होते. पण त्या आखणीत मोठी गाडी सकाळी नो-एंट्रीच्या वेळी गावात शिरत होती आणि जिथं टेम्पोच वळतो त्या गल्लीत पाठवली होती. अहवाल कपाटात गेला. दोष त्या संस्थेइतकाच माझा होता. मी त्यांना पत्त्यांची एक एक्सेल फाईल दिली आणि एकदाही ड्रायव्हरशेजारी बसवून पाठवलं नाही.

ड्रायव्हरला जे ठाऊक असतं ते नकाशात नसतं, हे पुढे फार मोठ्या पातळीवर मान्य झालं. २०२१ साली अ‍ॅमेझॉन आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं वाहतूक व लॉजिस्टिक्स केंद्र यांनी मिळून जगभरच्या संशोधकांसाठी एक स्पर्धा घेतली. कंपनीनं अमेरिकेतल्या पाच महानगर परिसरांतले ९,१८४ प्रत्यक्ष डिलिव्हरी-मार्ग खुले केले. सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधा, असा तो प्रश्नच नव्हता. अनुभवी ड्रायव्हर घरं ज्या क्रमानं घेतात तो क्रम शिकून दाखवा, असा होता. कारण संगणकानं दिलेला कमीत कमी अंतराचा क्रम ड्रायव्हर अनेकदा पाळत नाहीत. पार्किंग कुठं मिळतं, कोणत्या इमारतीचं दार कधी उघडं असतं, हे त्यांना माहीत असतं. पहिला क्रमांक विल्यम कुक, स्टीफन हेल्ड आणि केल्ड हेल्सगाउन या तिघांना मिळाला. तिघंही मार्गांच्या गणितातली नावाजलेली माणसं. त्यांनी आपल्या कसलेल्या गणिताला ड्रायव्हरांच्या सवयींची बंधनं घातली: एक विभाग संपवूनच पुढच्यात जायचं, आणि विभाग कोणत्या क्रमानं घ्यायचे हे जुन्या मार्गांतून शिकायचं. तो सगळा डेटा आजही संशोधनासाठी मोफत उपलब्ध आहे. तुमच्या विभागाला कंपनीचा डेटा मिळेपर्यंत मुलांना यावर हात बसवू द्या. आणि त्यांना हेही दाखवा की ग्राहकांची ओळख पटू नये म्हणून त्यात ठिकाणं मुद्दाम किंचित सरकवलेली आहेत, तरी अभ्यास अडत नाही.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या सगळ्यात मोठ्या अडथळ्याशी जोडलेला आहे. डेटा मागितला की कंपनी गप्प होते. गप्प का होते ते समजून घ्या. तिला भीती दोनच गोष्टींची असते: भाड्याचे दर बाहेर जातील आणि ग्राहकांची नावं बाहेर जातील. संशोधनाला बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. तुम्ही स्वतःहून म्हणा, दर नकोत, नावं नकोत, पत्ते नकोत. आम्हाला वेळा, वजनं, गाडीचा प्रकार आणि पिनकोड द्या. मालाच्या नावाऐवजी क्रमांक चालेल. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा आल्यापासून कंपन्यांचे वकील जास्त सावध झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. म्हणून माहिती गाळून द्यायचं काम त्यांच्याच आवारात, त्यांच्याच संगणकावर, त्यांच्या माणसासमोर तुमच्या विद्यार्थ्यानं करावं. शोधनिबंध छापण्याआधी कंपनीला वाचायला मिळेल, ठरावीक दिवसांत हरकत आली नाही तर छापू, ही ओळ करारात पहिल्या दिवशी घाला. नंतर घालायला गेलात तर भांडण होतं आणि विद्यार्थ्याचं वर्ष जातं.

मोठ्या कंपनीला विद्यापीठाकडून खरं काय मिळू शकतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जुनं आहे. १९९० च्या आसपास ह्युलेट-पॅकार्डचे डेस्कजेट प्रिंटर अमेरिकेतल्या व्हँकुव्हर, वॉशिंग्टन इथं बनायचे आणि जहाजानं युरोपात जायचे. प्रत्येक देशाची प्लगची पिन वेगळी, माहितीपुस्तिकेची भाषा वेगळी. कारखान्यातच जर्मनीचा, फ्रान्सचा, ब्रिटनचा माल ठरवून पॅक केला जायचा. समुद्रात महिनाभर जाईपर्यंत मागणी बदललेली असायची. मग एका देशाच्या प्रिंटरचा ढीग पडून आणि दुसऱ्या देशाला माल नाही, अशी स्थिती. स्टॅनफर्डचे हाउ ली आणि कंपनीच्याच विश्लेषण गटातले कोरी बिलिंग्टन यांनी मिळून हिशोब मांडला, आणि त्यातून निघालेला उपाय गोदामातल्या कुणालाही समजेल असा होता: प्रिंटर सरसकट एकाच रूपात पाठवा, पिन आणि पुस्तिका युरोपातल्या वितरण केंद्रात घाला. त्यासाठी प्रिंटरची रचना थोडी बदलावी लागली, गोदामातल्या माणसांना जुळणी शिकवावी लागली. पण साठा कमी झाला आणि माल वेळेवर मिळू लागला. १९९३ साली यावरचा निबंध छापून आला आणि अंतिम जुळणी शक्य तितकी पुढे ढकलायची ही कल्पना जगभरच्या अभ्यासक्रमांत गेली.

या प्रकरणात मला मोलाची वाटते ती माणसांची जोडी. एक विद्यापीठातला, एक कंपनीच्या आतला, आणि दोघांना एकमेकांचं गणित समजत होतं. कंपनीच्या आत असा वाचणारा, मोजणारा माणूस नसेल तर बाहेरून कितीही हुशार प्राध्यापक आणा, काम पुढे सरकत नाही. म्हणून कंपनी निवडताना तिचं नाव किती मोठं हे पाहू नका. आत असा कोण आहे ते शोधा. कधी तो डिस्पॅचचा सहायक व्यवस्थापक असतो, कधी खर्चाचा हिशोब ठेवणारी मुलगी असते. महाविद्यालयं नेहमी एचआरकडे जातात, कारण प्लेसमेंटमुळे ओळख तिथली असते. एचआरकडे तुमच्यासाठी नोकऱ्या असतील, प्रश्न नसतात. परवानगी प्लांटप्रमुखाकडून घ्या, आणि काम पाळी सांभाळणाऱ्या सुपरवायझरबरोबर करा.

कुणी म्हणेल, स्टॅनफर्ड आणि एमआयटीची गोष्ट आम्हाला काय उपयोगाची. तर अमेरिकेतल्याच अटलांटा शहराचं उदाहरण घ्या. तिथं वृद्धांना घरपोच जेवण देणारी एक सेवा होती. रोज दोनशेच्या आसपास डबे, चार ड्रायव्हर, आणि यादी सतत बदलती, कारण कुणी बरं व्हायचं, कुणी दगावायचं. संस्थेकडे संगणक नव्हता. तिथल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचे जॉन बार्थोल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितातली एक वक्ररेषा वापरली, जी सगळ्या शहरावरून फिरून येते. शहरातल्या प्रत्येक जागेला त्या रेषेवरचा एक क्रमांक मिळाला. तो क्रमांक पत्त्याबरोबर एका कार्डावर लिहायचा आणि कार्डं क्रमानं लावायची, झाला मार्ग. नवं गिऱ्हाईक आलं की कार्ड खोचायचं, गेलं की काढायचं. गठ्ठ्याचे चार भाग केले की चार ड्रायव्हरांचं काम वाटलं गेलं. सगळा खर्च ५० डॉलरच्या आत. १९८३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि आजही मी तो पहिल्याच आठवड्यात शिकवते. मुंबईच्या डबेवाल्यांची रंग-अक्षरांची खूण ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातलं मर्म लगेच कळतं: खूण अशी हवी की हातात घेतल्याबरोबर पुढे कुठं जायचं ते समजावं.

हे उदाहरण मी छोट्या विभागांना मुद्दाम सांगते. तुमच्या जवळ न्हावा शेवा बंदर आहे, तळोजा आणि पाताळगंगा या औद्योगिक वसाहती आहेत, आणि शंभराच्या आत गाड्या असलेले कितीतरी ट्रान्सपोर्टर आहेत. मोठ्या कंपनीला तिचा स्वतःचा विश्लेषण विभाग असतो. या गाडीमालकांना कुणीच नाही. तुमची पहिली भागीदारी त्यांच्याशी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्याकडचा एक प्रश्न तर हातात देते. आयातीचा कंटेनर भिवंडीत किंवा तळोज्यात रिकामा होतो. गाडी तो रिकामा कंटेनर बंदराजवळच्या यार्डात सोडते. त्याच दिवशी पाताळगंगेच्या निर्यातदारासाठी दुसरी गाडी यार्डातून रिकामा कंटेनर उचलून त्याच्याकडे नेते. दोन्ही वेळा डिझेल जळतं हवा वाहून न्यायला. तोच कंटेनर थेट निर्यातदाराकडे नेता आला तर? हे सोपं नाही. शिपिंग लाइन, म्हणजे कंटेनर ज्या जहाज कंपनीचा ती, तीच हवी, २० फुटी की ४० फुटी ते जुळायला हवं, खाद्यमाल भरायचा असेल तर आतली स्थिती चांगली हवी, कंटेनर वापरायला लाइननं दिलेले फुकट दिवस संपायच्या आत सगळं व्हायला हवं आणि लाइनची परवानगी हवी. पण प्रश्न मोजता येतो: एका ट्रान्सपोर्टरच्या तीन महिन्यांच्या फेऱ्या घेतल्या, तर त्यातल्या किती फेऱ्या अशा जुळू शकल्या असत्या, आणि जुळल्या नाहीत त्या नेमक्या कोणत्या अटीमुळे? त्याच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांचं हे एका सत्राचं काम आहे. त्याचंच पुढे पाच ट्रान्सपोर्टरांवर पीएचडीच्या दर्जाचं काम होऊ शकतं.

मोजणीवर मी इतका भर का देते, याला देशपातळीवरचं कारणही आहे. भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या १३ ते १४ टक्के आहे, हे वाक्य वर्षानुवर्षं प्रत्येक भाषणात आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात होतं. २०२२ चं राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही हाच आकडा चर्चेत होता. मग एनसीएईआर या संशोधन संस्थेनं पद्धतशीर अंदाज बांधला, तो २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के निघाला. पुढे २०२३-२४ साठीचा सविस्तर अंदाज ७.९७ टक्के आला. एवढा मोठा आकडा इतकी वर्षं न तपासता चालत राहिला, याची मला शिकवणारी म्हणून लाज वाटते. तुमच्या नोट्समध्ये अजून १४ टक्के असेल तर आधी तो बदला.

आता शिक्षणाच्या बाजूचं. पदवीतच अप्रेंटिसशिप धरणारे अभ्यासक्रम आता यूजीसीच्या चौकटीत बसतात, आणि या क्षेत्राच्या कौशल्य-प्रशिक्षणाची संस्था, लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिल, त्यात पुढे आहे. व्यवस्था चांगली आहे, पण राबवताना डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांनी पूर्ण वर्ष बारकोड स्कॅनर धरला आणि दुसरं काही पाहिलं नाही. ते शिक्षण नव्हे, स्वस्त मनुष्यबळ आहे. करारात फिरती लिहून घ्या: गेट, इनवर्ड (माल आत घेणं), पुटअवे (जागेवर लावणं), पिकिंग (ऑर्डरप्रमाणे काढणं), डिस्पॅच (रवाना करणं), वाहतुकीचं टेबल, आणि ट्रान्सपोर्टरची बिलं तपासणं. बिलं तपासायला मुलांना कंटाळा येतो, पण पैसा कुठं गळतो ते तिथंच दिसतं. आठवड्यातला एक दिवस वर्गाचा, तो कंपनीनं घेऊ नये. रात्रपाळीला मुली असतील तर घरापर्यंतच्या गाडीची सोय लेखी हवी. तोंडी आश्वासन दुसऱ्या महिन्यात विरतं.

आणि मुलांना माल उचलायला लावू नये. महाराष्ट्रात ते काम माथाडी टोळीचं आहे, १९६९ चा कायदा आहे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम) माथाडी मंडळात भरली जाते. उलट मुलांनी टोळीच्या मुकादमाशी बोलावं. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कशी ठरते, कोणत्या मालाला किती माणसं लागतात, पॅलेट (माल रचून उचलायची फळी) आल्यावर काम कसं बदललं, हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. माझ्या पाहण्यात एकाही अभ्यासक्रमात हे नाही.

शिक्षकांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण खरी उणीव तिथं आहे. लॉजिस्टिक्स शिकवणाऱ्या बऱ्याच जणांनी गोदामात एक अख्खी पाळी काढलेली नसते. त्यांना मे महिन्यात पंधरा दिवस पाठवा, निदान दोन रात्रपाळ्यांसह. दुसऱ्या बाजूनं, यूजीसीनं २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली आहे. किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पीएचडी नसतानाही शिकवायला घेता येतं, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. निवृत्त होत आलेला एखादा बंदर-अधिकारी किंवा कस्टम्सच्या कामात आयुष्य गेलेला सीएचए (आयात-निर्यातदारांसाठी माल सोडवणारा एजंट) मिळाला तर सोडू नका.

मोठ्या संस्थांचं सगळं अनुकरण करायला जाऊ नका. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय रेल्वे मंत्रालयाखाली आहे, तिथं रेल्वे स्वतःच पाठीशी उभी आहे. जर्मनीत डॉर्टमुंडला फ्राउनहोफर संस्थेचं लॉजिस्टिक्स केंद्र १९८१ पासून आहे. तिथं संस्थेचे प्रमुख शेजारच्या विद्यापीठात प्राध्यापकही असतात आणि कंपन्यांची माणसं संशोधकांबरोबर एकाच प्रयोगशाळेत काम करतात. त्यांच्या इमारती तुम्हाला परवडणार नाहीत. एक खुर्ची परवडेल: विभागात कंपनीच्या माणसासाठी आठवड्यातून एक दिवस राखलेली.

वेळापत्रक मात्र कंपनीचंच पाळावं लागेल. विद्यापीठाचं सत्र जून-जुलैत सुरू होतं, आमचा हंगाम गणपतीला चढतो आणि दिवाळीला टोकाला जातो. जुलैमध्ये परवानगी घ्या, सुरक्षेचं प्रशिक्षण उरका, नोंदवह्या तयार ठेवा. गर्दीच्या दिवसांत कुणाला प्रश्न न विचारता फक्त मोजा. दसऱ्याच्या आसपास दोन पानांचं उत्तर मराठीत सुपरवायझरच्या हाती द्या. दिवाळीआधी काहीतरी बदलता आलं पाहिजे. इंग्रजीतला जाड प्रबंध विद्यापीठासाठी नंतर सावकाश लिहिता येतो.

पहिल्या भेटीला महिनाअखेर टाळून, ८ ते २० तारखेच्या दरम्यान जा. सोबत माहितीपत्रक नेऊ नका. एक कोरा तक्ता न्या: गाडी नंबर, गेटवर आली, आत घेतली, डॉकला लागली, खाली झाली, बाहेर पडली. तो समोर ठेवून विचारा, यातला कोणता वेळ तुम्हाला जास्त वाटतो? ज्या रकान्यावर सुपरवायझर बोट ठेवेल, तिथून तुमच्या मुलांचं काम सुरू होईल.